जिलेटिनऐवजी काय घालावं? हलाल पुडिंग, चीजकेक आणि मार्शमॅलोसाठी निवड कशी करावी

पाककृतीत १० ग्रॅम जिलेटिन लिहिलंय, म्हणून आपण १० ग्रॅम चायना ग्रास घालतो. मग पुडिंग चमच्याने वडीसारखं तुटतं आणि दोष चायना ग्रासवर येतो. खरं तर दोन्ही पदार्थांचा स्वभावच वेगळा आहे. जिलेटिन हे प्रथिन, ते साधारण ३०-३५ अंशांना वितळतं, म्हणून जिभेवर विरघळतं. चायना ग्रास म्हणजेच अगर-अगर समुद्रशेवाळापासून काढतात. ते ८५ अंशांच्या वर विरघळतं, ३५-४० अंशांना घट्ट होतं आणि एकदा सेट झालं की उन्हाळ्यात टेबलावर ठेवलं तरी वितळत नाही. म्हणून आधी पाहायचं ते हे, की त्या पदार्थात जिलेटिनकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचंय.

आधी पाकीट वाचा

हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिजन्य जिलेटिन नाही. तपकिरी त्रिकोण आणि घटकांत नुसतं "जिलेटिन" असेल, तर ते डुकराचं, गुरांचं की माशाचं हे चिन्हावरून कळत नाही. "बोवाइन" (गुरांचं) लिहिलंय म्हणजे हलाल, असंही नाही. जनावर जबिहा पद्धतीने, म्हणजे इस्लामी नियमांप्रमाणे कापलेलं हवं, म्हणून हलाल प्रमाणपत्राचा शिक्का शोधावा. मासा जबिहा करावा लागत नाही, त्यामुळे माशाचं जिलेटिन बहुतेकांना चालतं. प्रक्रियेत जिलेटिनचं मूळ रूप पूर्ण बदलतं का आणि म्हणून ते चालतं का, यावर उलेमांमध्ये (इस्लामी धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत. घरात जे मानतात त्याप्रमाणे ठरवा.

घटकांच्या यादीत नुसते आकडे असतील तर ४०६ म्हणजे अगर, ४०७ कॅरागीनन, ४४० पेक्टिन. हे तिन्ही वनस्पतिजन्य. हिरवा ठिपका मद्यार्काबद्दल मात्र काहीच सांगत नाही, त्यामुळे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टची बाटली वेगळी तपासावी.

दुधाचं पुडिंग: इथे चायना ग्रासच

रमझानात इफ्तारला अनेक घरांत होणारं हे पुडिंग चायना ग्राससाठीच बनलंय. १ लिटर दुधाला १० ग्रॅम काड्या आणि २०० मिली पाणी घ्या.

१. काड्या कात्रीने बारीक कापून त्याच पाण्यात अर्धा तास भिजवा.

२. मंद आचेवर ५ ते ८ मिनिटं ढवळत उकळा. थेंब चमच्यावर घेऊन उजेडात धरा. एकही पांढरा धागा दिसता कामा नये. बहुतेक पुडिंगं इथेच बिघडतात: वितळल्यासारखं दिसतं, पण वितळलेलं नसतं. काड्या थेट दुधात उकळू नका, दूध तळाला लागतं आणि धागे तसेच राहतात.

३. दुसऱ्या भांड्यात दूध आणि दीडशे ग्रॅम साखर गरम करा. दूध गरम असतानाच चायना ग्रासचं पाणी गाळणीतून त्यात ओता. फ्रिजमधल्या दुधात ओतलंत तर क्षणात गुठळ्या होतील.

४. स्टीलच्या गार ताटलीवर एक चमचा मिश्रण टाका. दोन मिनिटांत बोटाने ढकलून पाहा. फार घट्ट वाटलं तर आणखी गरम दूध घाला. सैल वाटलं तर थोडं चायना ग्रास वेगळं वितळवून मिसळा. ही ताटली साच्यात ओतण्याआधीच पाहायची.

साध्या तापमानालाच अर्ध्या-पाऊण तासात सेट होतं, फ्रिज फक्त गार करायला. दुसऱ्या दिवशी कडेला पाणी सुटतं. ते नासलेलं नाही, अगरचा तो गुणच आहे. तरी दोन दिवसांत संपवा.

पावडर वापरायची तर काड्यांपेक्षा कमी लागते: १० ग्रॅम जिलेटिनच्या जागी अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. लिंबू किंवा इतर आंबट रस अगरसोबत उकळू नका, पकड ढिली होते. गॅस बंद करून शेवटी घाला. आंब्याचा रसही फ्रिजबाहेर काढून साध्या तापमानाला आणलेलाच.

चक्क्याचा न भाजलेला चीजकेक

४०० ग्रॅम चक्का, २०० मिली क्रीम आणि चवीपुरती साखर. त्याला ३ ग्रॅम अगर पावडर १२० मिली पाण्यात तीन मिनिटं उकळून. चक्का आणि क्रीम तासभर आधी बाहेर काढा. तीन-चार चमचे चक्का आधी गरम अगरमध्ये फेटा आणि ते लगेच उरलेल्या मिश्रणात घाला. उलट केलंत तर साबुदाण्यासारखे कण दाताखाली येतात. चक्का पुरेसा टांगलेला असेल तर अगर आणखी कमी करा. अनेक पाककृतींत उगाच जास्त लिहिलेलं असतं.

मार्शमॅलो आणि मूस: इथे अगरचा हट्ट सोडा

अगरमध्ये हवा जिलेटिनसारखी धरून राहत नाही आणि ती लवचीक ओढही येत नाही. मार्शमॅलो हवेच असतील तर हलाल प्रमाणित गुरांचं जिलेटिन आणा, प्रमाण पाककृतीतलंच. पाचपट गार पाण्यात दहा मिनिटं फुगवा, मग गरम पाकात विरघळवा. वेगळं उकळू नका. माशाचं जिलेटिन सहसा मऊ सेट होतं, म्हणून पाकिटावरचा ब्लूम आकडा (जिलेटिन किती घट्ट सेट होतं ते सांगणारा) पाहा. दोनशेच्या आसपास असेल तर बरं.

प्राणिजन्य जिलेटिनमध्ये कच्चा अननस, पपई किंवा किवी घातलं तर जेली सेटच होत नाही, कारण या फळांतली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. फळ चार-पाच मिनिटं शिजवून घ्या किंवा डब्यातला अननस वापरा. अगरला ही अडचण नाही, ते प्रथिनच नाही.

जॅमसारख्या भरणाला पेक्टिन बरं, पण साधं पेक्टिन भरपूर साखर आणि आंबटपणा असल्याशिवाय धरत नाही. दुधाच्या पुडिंगात ते घालून काही होत नाही. आणि केकमध्ये मऊ कस्टर्डचा थर एवढंच हवं असेल, तर पाव लिटर दुधाला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पुरतं. त्यासाठी बाजारात जायचीही गरज नाही.