शिक्षक मतदारसंघ: पसंतीचं मत कसं द्यायचं आणि ते कसं मोजतात

जळगाव, धुळे, नंदुरबार हे खानदेशातले तिन्ही जिल्हे विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात येतात. जोडीला नाशिक आणि अहिल्यानगर. जून २०२४ च्या निवडणुकीत इथे तेव्हाचे विद्यमान आमदार किशोर दराडे पुन्हा निवडून आले. त्या वेळी ६४,८५३ मतांपैकी १,७०२ बाद झाली. मुदत सहा वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक २०३० मध्ये.

आधी नाव नोंदवा. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे चालत नाही आणि जुनी यादीही पुढे चालू राहत नाही. दर निवडणुकीला नव्याने नमुना १९ हा अर्ज भरावा लागतो. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, १ नोव्हेंबर. त्याआधीच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं, आणि संस्थाप्रमुखाचं तसं प्रमाणपत्र जोडावं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना त्यामुळे हे मत नाही. आश्रमशाळेच्या माध्यमिक विभागातल्यांना आहे. नोंदणी राहत्या पत्त्यावर होते. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरला राहून शेजारच्या अमरावती विभागातल्या मलकापूरला शिकवत असाल तर नाव नाशिक मतदारसंघातच लागेल. पण नवापूरला राहून सीमेपलीकडे गुजरातेत शिकवत असाल तर नोंदणी होत नाही, कारण संस्था महाराष्ट्रातलीच लागते.

मतदान यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं. तीवर पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून नाव पूर्ण वाचा आणि फोटो पाहा. २०२४ ला मिळत्याजुळत्या नावांचे उमेदवारही रिंगणात होते. केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात. तोच वापरा, खिशातलं पेन नको. आवडत्या उमेदवारापुढच्या रकान्यात १ लिहा, मग इतरांपुढे २, ३ असे क्रम. आकडे मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतात, पण तिन्हींची सरमिसळ करू नका.

मत बाद होतं ते असं: १ लिहिलेलाच नाही, १ दोघांपुढे लिहिला, एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही, १ दोन रकान्यांच्या रेषेवर पडल्याने कोणाला ते कळत नाही, सही, नाव किंवा ओळख पटेल अशी खूण केली. आकड्याऐवजी ‘एक’ असं अक्षरी लिहू नका, बरोबरची खूणही करू नका. २ दोघांपुढे पडला तर मात्र मत बाद होत नाही, १ मोजतात आणि तिथून पुढचे क्रम निकामी होतात. १ नंतर थेट ३ लिहिला तरी तसंच.

सगळ्यात मोठा गैरसमज दुसऱ्या पसंतीबद्दल आहे. ‘दोन दिला तर आपल्या माणसाचं मत कमी होतं’ असं प्रचारात सर्रास सांगतात. हे साफ चूक आहे, आणि त्यापायी अनेक शिक्षक अर्धंच मत देऊन येतात. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर २ कडे कोणी बघतही नाही.

निवडून येण्यासाठी लागणारी मतं म्हणजे कोटा. तो असा काढतात: वैध मतं भागिले दोन, अपूर्णांक सोडून अधिक एक. २०२४ ला वैध मतं ६३,१५१, त्याचे निम्मे ३१,५७५, म्हणून कोटा ३१,५७६. पहिल्या पसंतीत तो कोणालाच गाठता आला नाही. मग सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाहेर काढतात आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती पाहून ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात टाकतात. दुसरी पसंती असलेला आधीच बाहेर गेला असेल तर तिसरी पाहतात. असं फेरीमागून फेरी चालतं, म्हणून निकालाला रात्र उलटते.

पुढची पसंतीच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला पडते. कोटा मात्र तेवढाच राहतो. अशा मतपत्रिका फार साचल्या तर शेवटी उरलेला एकटा उमेदवार कोट्याखालच्या मतांवरही निवडून येतो.