घराच्या कागदांतून पणजोबांपर्यंत

मालवणच्या आमच्या घराचं कौल उलटून पाहिलं, तर त्यावर बासेल मिशनचा (कौलांचे कारखाने चालवणारी मिशनरी संस्था) छाप आणि 1865 साल. मी लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घराचं वय जाहीर करून टाकलं. ते साल निघालं मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं! काका अजून 1865च सांगतात. कौलावर 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' (मिशनचे कारखाने पुढे हिच्याकडे गेले ती कंपनी) असेल, तर ते पहिल्या महायुद्धानंतरचं, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

तेव्हा कौलं सोडा, कागद धरा. घराला सिटी सर्व्हे नंबर असेल, तर भूमि अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि नोंदी खालून वर वाचत जा. 'वारसाने' दिसलं, की बहुधा एक पिढी मागे गेलात. तिथंच चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. घर त्या माणसाकडे आलं कसं, वडिलोपार्जित की खरेदीनं, हे त्यात सापडतं. पत्रिका मिळाली की लोक खूश होऊन घरी जातात आणि हा उतारा राहून जातो. सिटी सर्व्हे नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंद) आणि जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, बघा. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला 1981 साली; आमच्यासारख्यांनी रत्नागिरीतही विचारावं. मोडीतला कागद आला तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराला दाखवा.

खरी गंमत आखूड अक्षरांत आहे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं दिसलं, तरी मागे भाऊ असू शकतात, त्यांना शोधा. आमच्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे होतं 'अ.पा.क. आई' आणि मग पणजीचं नाव. अज्ञान पालन कर्ता. म्हणजे पणजोबा गेले तेव्हा आजोबा सज्ञान नव्हते. घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

पणजीचं माहेर मात्र एकाही कागदात नाही. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव-आडनावावरून वंशावळ मिळते, पण तीही बापाकडूनच चालते. म्हणून झेरॉक्स घेऊन थोरल्या आत्याकडे गेले. तिनं चष्मा लावून 'अ.पा.क.'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तरीच बाबांची मुंज आजोळी लागली, आचऱ्याला."

आता आचऱ्याचे फेरफार काढतेय.