दोन दिवसांत मुंबई : काय पाहावे आणि काय सोडून द्यावे

विदर्भ, महालक्ष्मी किंवा देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्याजवळ बहुधा एक यादी असते : सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू चौपाटी, राणीची बाग, गेटवे आणि जमल्यास एखाद्या नटाचा बंगला. यादीतले प्रत्येक ठिकाण पाहण्याजोगे असेलही. परंतु मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी पट्टी असल्यामुळे, ही यादी जशी सुचली त्या क्रमाने पुरी करायला निघालेल्या माणसाचा दिवस टॅक्सीतून पुढच्या टेम्पोची पाठ पाहण्यात जातो. माझ्या मामा-मामींना मी एकदा सकाळी जुहू आणि दुपारी प्रभादेवी दाखवून गेटवेला नेले, तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मामी टॅक्सीतून उतरायलाच तयार नव्हत्या. तेव्हापासून मी पाहुण्यांना एकच सांगतो, की दोन दिवस असतील तर दक्षिण टोक धरावे आणि बाकीची मुंबई पुढच्या खेपेला ठेवावी.

याला कारण आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (सीएसएमटी) गेटवेपर्यंतचे अंतर जेमतेम अडीच किलोमीटर आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००४ मध्ये आलेले हे स्थानक आणि २०१८ मध्ये आलेला ओव्हल मैदानाभोवतीचा इमारतींचा समूह, हे दोन्ही पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत, आणि १९८७ पासून त्या यादीत असलेल्या घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या लेण्यांना, जाणारी लाँच गेटवेवरूनच सुटते.

तिकिटे काढण्यापूर्वी वार पाहावा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तर राणीची बाग आणि तिच्या शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग लांबते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद ठेवतात, पण त्याच दिवशी कचेऱ्या बंद असल्याने फोर्टचे, म्हणजे स्थानकापासून दक्षिणेकडच्या जुन्या कचेऱ्यांच्या भागाचे, रस्ते मोकळे असतात आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून इमारतीचा माथा पाहता येतो. म्हणून शनिवार-रविवार धरून येणाऱ्यांनी शनिवारी घारापुरी आणि रविवारी फोर्ट असा बेत करावा. कचेरीच्या गिऱ्हाइकावर चालणारी खाणावळही रविवारी बंद असू शकते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

फोर्टची फेरी स्थानकातूनच सुरू करावी. सामान क्लोकरूममध्ये ठेवावे. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून एक लहान कुलूप घरूनच आणावे. मग लोकलच्या तिकीटघरात जावे, तिकीट काढायचे नसले तरी. हजारो लोक रोज जिथे सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपत उभे असतात, त्या दालनात मान वर केली की निळ्या छतावर सोनेरी चांदण्या दिसतात. खांब इटालियन संगमरवराचे आहेत. बाहेर येऊन महापालिकेच्या बाजूच्या पदपथावर उभे राहिले, की फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ पासून दहा वर्षे खपून उभारलेली ही इमारत नीट दिसते. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ : एक ब्रिटनचा, दुसरा हिंदुस्थानचा. भिंतींवरचे मोर, माकडे आणि खारी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरल्या. पाठीमागची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे आणि ती १८९३ मध्ये पुरी झाली. इथे अर्धा तास गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालत हुतात्मा चौक गाठावा. फ्लोरा फाउंटनच्या पुतळ्याचे फोटो सगळेच काढतात. शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचे संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मा स्मारक आहे, तिथे मराठी माणसाने दोन मिनिटे थांबायला हरकत नाही. डावीकडे वळल्यास हॉर्निमन सर्कल आणि १८३३ मध्ये बांधून झालेला टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, लागते. तिच्या पायऱ्यांवर टेकून पाय मोकळे करावेत आणि मग काळा घोड्याकडे यावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरल्यास दुपारपर्यंत डोके जड होते, म्हणून लघुचित्रे, मीरपूर खासची मृण्मयी शिल्पे आणि असिरियन राजवाड्यातले कोरीव दगड एवढेच पाहून दोन तासांत बाहेर पडावे.

ऊन उतरल्यावर ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून तो १८७८ मध्ये पुरा झाला. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर प्रामुख्याने १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत, त्यांच्या खिडक्यांवरचे छज्जे भुवयांसारखे आणि सज्जे आगबोटीच्या डेकसारखे दिसतात. दोन्हींच्या मध्ये क्रिकेटचे अनेक डाव एकाच वेळी चालू असतात. चेंडूकडे लक्ष ठेवूनच चालावे. तेथून मरीन ड्राइव्ह दहा मिनिटांवर आहे.

घारापुरीसाठी सकाळी नऊच्या सुमाराची लाँच पकडावी, कारण उशिरा जाणाऱ्याला ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावे लागते. लाँच तासभर घेते. लाइफ जॅकेट घालावेच. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढू नये. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा हा बेत हिवाळ्यातच बरा. मुख्य लेण्यात शिरल्यावर दक्षिणेच्या भिंतीतल्या मूर्तीकडे धावत जाऊ नये. अंधाराला डोळे सरावू द्यावेत, मग सुमारे वीस फुटी शिवाची तिन्ही मुखे एकेक करून उजळतात : मधले शांत, आपल्या डावीकडचे मिशीवाले रौद्र आणि उजवीकडचे हाती कमळ घेतलेले सौम्य. तिला त्रिमूर्ती म्हणतात खरे, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेश नसून सदाशिव आहे. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे.

ठाण्या-डोंबिवलीला नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांनी लोकलची दिशा ओळखावी. सकाळी आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे असतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे, त्यामुळे शक्य असल्यास सातच्या आत निघावे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावणारी भुयारी मेट्रो दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट या सगळ्यांना जोडते. दर्शन करायचेच असेल तर ते सकाळी लवकर उरकून याच मेट्रोने फोर्टात यावे. शीव आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, तेव्हा काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी आणि मीटर टाकायला सांगावे.

परतीची गाडी सीएसएमटीवरूनच सुटणार असेल तर दादरला चढण्याचा मोह टाळावा. दादरला ती दोन-तीन मिनिटेच थांबते आणि त्याच फलाटावर संध्याकाळची गर्दी असते. सीएसएमटीला ती आधीच लागलेली असते, सामान शांतपणे लावता येते आणि क्लोकरूमही तिथेच आहे.