पासिंगआधी गाडी बघितली, म्हणून वाचलो

"साहेब, नंबर आला की एकदमच बघा," शोरूमवाला म्हणाला. पण आरटीओत एकदा आपल्या नावावर चढली की गाडी बदलून मिळणं अवघड. हट्टाने शोरूमच्या वाघोलीतल्या यार्डात गेलो, तेही भर दुपारी. सावलीत पोचे दिसत नाहीत.

चेसिस नंबर कागदांशी जुळला. टायरवर १४२५, म्हणजे २०२५ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला, ठीक. मागचं उजवं दार मात्र किंचित फिकं वाटलं. दाराच्या कडेचं रबर बीडिंग उचललं, तर खाली रंग मारताना लावतात त्या मास्किंग टेपची स्पष्ट रेघ! कोरी गाडी, आणि रंगवलेली.

तिथेच फोटो काढले, ईमेलवर दुसरी गाडी मागितली. तोंडी बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही. नव्या चेसिस नंबरची गाडी मिळाली, पण दसरा हुकला. आई दोन दिवस फुगून होती. पेढे दिवाळीच्या पाडव्याला वाटले.