दक्षिण अमेरिकेचा नकाशा पाठ न करता कसा समजून घ्यायचा

पर्वत, नद्या, खनिजं यांच्या याद्या पाठ केल्या की परीक्षा होते आणि आठ दिवसांत सगळं विसरतं, म्हणून दक्षिण अमेरिकेसाठी तरी ती पद्धत सोडा. एक कोरा कागद घ्या, पेन्सिल आणि तीन-चार रंग घ्या, आणि स्वतःच्या हाताने आधी डोंगर, मग वारे, मग नद्या आणि सगळ्यात शेवटी खनिजं असं काढत जा. हा क्रम मोडू नका, कारण या खंडात पुढची गोष्ट मागच्या गोष्टीतूनच निघते.

वर रुंद, खाली निमुळता होत जाणारा आकार काढा, किनारा थोडा वाकडा झाला तरी चालेल. आता पश्चिम किनाऱ्याला चिकटून वरपासून खालपर्यंत हात न उचलता एक जाड तपकिरी रेघ ओढा. हा अँडीज, जवळपास ७००० किमी लांब. समुद्राखालची नाझका प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा) खंडाच्या प्लेटखाली सरकतेय म्हणून हे डोंगर उचलले गेलेत, आणि म्हणूनच तिथे भूकंप आणि ज्वालामुखी आहेत. अर्जेंटिनात अकोन्काग्वाचा ठिपका द्या, ६९६१ मीटर. पेरू-बोलिव्हियाच्या आसपास रेघ फुगवून मध्ये जागा मोकळी सोडा, ते अल्टिप्लानो पठार, तिथेच ३८१२ मीटरवर टिटिकाका सरोवर. पूर्वेला दोन फिकट पट्टे, वर गयानाची आणि खाली ब्राझीलची उच्चभूमी. ही फार फार जुनी, झिजलेली जमीन आहे, अँडीज तिच्यापुढे अगदी तरुण. हा जुना-तरुण फरक लक्षात ठेवा, खनिजांच्या वेळी लागणार आहे.

आता वारे, आणि इथेच बरेच जण गडबडतात. विषुववृत्ताजवळ बाण पूर्वेकडून पश्चिमेकडे काढायचे, अटलांटिकवरून बाष्प घेऊन येणारे. ते अँडीजला अडतात, पूर्व उतारावर धो धो पाऊस पडतो आणि पलीकडचा पेरूचा किनारा कोरडा राहतो. त्यात भर म्हणजे त्या किनाऱ्याने हंबोल्ट नावाचा थंड समुद्रप्रवाह वाहतो, त्यामुळे हवा वर चढतच नाही, धुकं येतं पण पाऊस नाही, आणि असं अटाकामा वाळवंट तयार होतं. पण साधारण ३५ अंश दक्षिणेच्या खाली बाण उलटे करा! तिथे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून दक्षिण चिलीत ओली घनदाट जंगलं आणि डोंगरापलीकडे अर्जेंटिनाचा पॅटागोनिया कोरडा. डोंगर तोच, फक्त वाऱ्याची दिशा बदलली की ओली बाजू बदलते. हे एकदा बाण काढून बघितलं की परत विसरत नाही.

नद्या निळ्या रंगाने. ॲमेझॉनची सुरुवात पॅसिफिकपासून २०० किमीच्या आत करा आणि तिला उलट्या बाजूला अटलांटिकपर्यंत न्या, साधारण ६४०० किमी. पेरूतलं इकितोस शहर मुखापासून साडेतीन हजार किमीच्या आसपास आत आहे, तरी समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर, आणि तिथवर समुद्री जहाजं जातात. एवढ्या अंतरात एवढाच उतार, म्हणजे मैदान किती सपाट असेल बघा. ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ एक छोटी दुहेरी रेघ काढा, तिथे कोऱ्या चहासारखी काळपट रिओ नेग्रो नदी आणि गढूळ मातकट सोलिमोइस (ॲमेझॉनचंच तिथलं नाव) एकमेकींना लागून कित्येक किमी न मिसळता वाहतात, कारण दोघींचं तापमान, वेग, घनता वेगळी आहे. मला या खंडातली ही सगळ्यात सुंदर जागा वाटते. वर व्हेनेझुएलात ओरिनोको आणि खाली दक्षिणेकडे जाणारी पाराना, या दोन नद्याही पटकन रेखाटून घ्या, पारानावर ब्राझील-पॅराग्वेच्या सीमेवर इटाइपू धरणाची खूण करा, १४००० मेगावॉट.

आता खनिजं. तरुण अँडीजमध्ये खालून आलेल्या गरम द्रवांनी धातू आणून साठवले, म्हणून तिथे तांबं, चांदी, कथिल. जगातलं जवळपास पाव तांबं एकट्या चिलीतून येतं. जुन्या उच्चभूमीत लोहखनिज आणि बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज), ब्राझीलच्या काराजासला मोठी खूण करा. डोंगराच्या पायथ्याच्या खोलगट भागांत गाळ साचला तिथे तेल, व्हेनेझुएलाचं माराकाइबो आणि ओरिनोकोचा पट्टा. आणि उंच कोरड्या पठारांवर जिथे पाण्याला समुद्रापर्यंत वाटच नाही, तिथे मिठागरं. अटाकामाच्या मिठागरात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठाल्या उथळ तळ्यांत सोडतात, वर्षभर किंवा जास्त काळ उन्हात आटवतात, पाणी घट्ट होत जातं तसा तळ्याचा रंग निळ्याचा पिवळट होत जातो, आणि त्यातून मोबाईलच्या बॅटरीचं लिथियम निघतं. ज्या भागात पाणी आधीच इतकं कमी तिथे इतकं उपसणं काळजीचं आहे, हे खूण करतानाच मनात नोंदवून ठेवा.

झालं की नावं झाकून कुठेही बोट ठेवा आणि विचारा, हे इथेच का? उदाहरणार्थ अटाकामात नायट्रेट (खतासाठी लागणारा क्षार) का सापडलं? तर पाऊसच नाही, पाऊस असता तर ते क्षार कधीच धुऊन गेले असते. त्याच नायट्रेटवरून वाद पेटला आणि १८७९ मध्ये चिली, बोलिव्हिया आणि पेरूमध्ये युद्ध झालं, त्यात बोलिव्हियाने आपला किनारा गमावला, म्हणून तुमच्या कागदावर आज बोलिव्हियाची हद्द समुद्राला कुठेच लागत नाही.