रोमन प्रांतीय नाणी वाचताना या चुका टाळा

भारतात सापडलेली रोमन नाणी बहुतेक करून चांदीची डिनॅरियस आणि सोन्याची ऑरियस आहेत. ती साम्राज्याच्या मुख्य टांकसाळींतली, त्यांच्यावरचा लेख लॅटिन. या नाण्यांची सवय झालेल्या माणसासमोर आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) एखाद्या शहराचं जाडसर ब्राँझचं, ग्रीक अक्षरांचं नाणं आलं, की त्याला ती रोमची गावठी नक्कल वाटते. इथूनच वाचन चुकायला लागतं. साम्राज्याच्या काळात ५०० हून अधिक शहरांनी कधी ना कधी स्वतःची नाणी पाडली; हीच प्रांतीय नाणी. पश्चिमेकडच्या शहरांनी सम्राट क्लॉडियसच्या काळापर्यंत (इ.स. ४१–५४) नाणी पाडणं बंद केलं, पूर्वेकडची मात्र तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाडत राहिली. ही नाणी आपल्याच प्रदेशात फिरायची. त्यामुळे त्यांवरचा मजकूर रोमला उद्देशून असण्यापेक्षा शेजारच्या शहराला ऐकवण्यासाठी असायचा. हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

सम्राटाच्या चेहऱ्यावरच थांबणं

पुढच्या बाजूला सम्राट दिसला की नवखा संग्राहक त्याचं नाव शोधतो, वहीत नोंद करतो आणि पुढच्या नाण्याकडे वळतो. पण शहराचं म्हणणं बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतं. चेहऱ्याच्या शैलीवरून 'या शहराला सम्राट असा दिसत होता' असा निष्कर्ष काढणं तर फारच धोक्याचं. आशिया मायनरमधल्या अनेक शहरांनी सम्राटाच्या चेहऱ्याचा एकच ठसा वापरल्याचं जर्मन अभ्यासक कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. एकेक कारखाना अनेक शहरांची कामं घेत असे. म्हणजे चेहरा कारागिराचा आणि मागचं चित्र शहराचं, असं समजून वाचायला सुरुवात करावी.

याच्या उलट चूकही होते. नाण्यावर सम्राट नाही म्हणजे बंडखोरी, असं काही जण धरून चालतात. अथेन्सने रोमन काळात आपल्या नाण्यांवर कधीच सम्राटाचा चेहरा घातला नाही, अगदी शहरावर भरभरून खर्च करणाऱ्या हेड्रियनचाही नाही. त्याच्याशी अथेन्सचं वैर मुळीच नव्हतं. इतर अनेक शहरांनी काही नाण्यांवर, विशेषतः छोट्या किमतीच्या, सम्राटाऐवजी रोमची सिनेट, आपली नगरसभा किंवा 'डेमोस', म्हणजे साक्षात नगरजन, यांना मनुष्यरूप देऊन बसवलं. तीच शहरं त्याच वर्षांत सम्राटाची नाणीही पाडत होती.

पदव्यांना शोभेची अक्षरं समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. शहराच्या नावापुढची लांबलचक अक्षरं वाचायचा कंटाळा येतो, आणि नेमका तिथेच सगळा तंटा लिहिलेला असतो.

इफेसस, स्मर्ना आणि पर्गामम ही आशिया प्रांतातली तीन मोठी शहरं. 'आशियात पहिलं' कोण, यावर त्यांची पिढ्यान् पिढ्या चढाओढ चालली. त्यात 'नेओकोरोस' ही पदवी कळीची. नेओकोरोस म्हणजे मंदिराचा रक्षक. सम्राटपूजेचं प्रांतीय मंदिर उभारायची परवानगी मिळालेल्या शहराला ती लावता येई, आणि दुसरं मंदिर मिळालं की 'दोनदा नेओकोरोस' म्हणवता येई. सम्राट एलागाबालसच्या काळात इफेससने नाण्यावर कोरलं की सर्वांमध्ये फक्त आम्हीच चार वेळा नेओकोरोस आहोत. त्यातलं 'फक्त आम्हीच' कोणासाठी होतं, हे स्मर्नाच्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. एलागाबालस मारला गेला, त्याच्या नावाचे मान गेले आणि इफेससचा आकडा पुन्हा तीनवर आला. म्हणून हा आकडा नीट वाचला तर नाण्याचा काळ ठरवायलाही मदत होते.

हे मानापमान किती टोकाला जायचे, याचा पुरावा नाण्यांबाहेरही आहे. स्मर्नाने इफेससची पदवी आपल्या ठरावात गाळली म्हणून इफेससने थेट सम्राटाकडे तक्रार नेली. अँटोनिनस पायसचं त्यावरचं समजुतीचं उत्तर शिलालेखात टिकून आहे: ते चुकून झालं असावं. बिथिनियातल्या निकोमीडिया आणि निकाईया यांचं असंच वैर होतं. वक्ता दिओ ख्रिसोस्तोमने निकोमीडियाच्या लोकांना सुनावलं होतं की तुमच्या या भांडणांना रोमन लोक हसतात. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस आणि पेसेनियस नायजर यांच्या सम्राटपदासाठीच्या युद्धात निकाईयाने नायजरची बाजू घेतली, तो हरला आणि शहराला आपल्या पदव्या गमवाव्या लागल्या.

दोन शहरांच्या देवता शेजारी उभ्या आणि लेखात 'होमोनोइया', म्हणजे सलोखा, असं दिसलं तर तो तहाचा कागद समजू नका. सलोख्याचा जाहीर गजर करण्यातही प्रतिष्ठा होती. अमुक शहर आपल्याला बरोबरीचं मानतं, हे त्यातून मिरवता येई.

एका नाण्यावरून शहराचा धर्म ठरवणं

फ्रिजियातल्या अपामीया शहराचं एक नाणं प्रसिद्ध आहे. पाण्यावर तरंगणारी पेटी, पेटीत एक पुरुष आणि एक स्त्री, वर पक्षी, आणि पेटीवर ग्रीक अक्षरांत बायबलच्या जलप्रलयकथेतल्या नोहाचं नाव. सेप्टिमियस सेव्हेरसपासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चित्र अधूनमधून येत राहिलं. यावरून अपामीया ज्यूंचं शहर होतं असं ठरवणं चूक आहे. तिथे ज्यू लोक होते, पण त्याच शहराच्या इतर नाण्यांवर आर्टेमिस ही देवी आणि पुराणकथेतला वादक मार्सियास असे ग्रीक विषय आहेत. शहराचं एक नाव 'किबोटोस', म्हणजे पेटी, असं होतं, आणि जलप्रलयातली पेटी आपल्याच डोंगरावर टेकली ही कथा शहराला आवडण्यासारखी होती. तिथे ज्यू परंपरा शहराच्या अभिमानाच्या कामी आली, हे मला या नाण्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट विसरू नये. चित्र कोणतं घालायचं हे शहरातले पैसेवाले आणि पदाधिकारी ठरवायचे. स्मर्नाच्या काही नाण्यांवर तर चक्क लिहिलेलं आहे की ही पोलेमोनने स्मर्नाकरांना अर्पण केली. हा पोलेमोन हेड्रियनच्या मर्जीतला नामांकित वक्ता. तेव्हा नाण्यावरची 'शहराची ओळख' ही वरच्या थराने मांडलेली ओळख असते. कुंभार, हमाल, गुलाम यांना काय वाटत होतं, ते तिथे शोधू नये.

लॅटिन दिसली की रोमन समजणं

कॉरिंथ इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. नाण्यांवरची भाषा लॅटिन. चित्रं मात्र पंखांचा घोडा पेगासस, त्याचा स्वार बेलेरोफोन आणि डॉल्फिनवरचा मुलगा मेलिकेर्तेस यांची, म्हणजे जुन्या ग्रीक कॉरिंथचीच. बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्या जागेचा वारसा आपलासा केला.

नेहमी अडणाऱ्या काही जागा

इंग्रजी सीसारखं दिसणारं अक्षर ग्रीक लेखात 'स' असतं. अलेक्झांड्रियाच्या नाण्यावरची इंग्रजी एलसारखी खूण राज्यवर्ष दाखवते, आणि ते वर्ष ऑगस्टच्या अखेरीस बदलतं. मार्कियानोपोलिसच्या नाण्यावरचं सुटं, ग्रीक वर्णमालेतलं पाचव्या क्रमांकाचं अक्षर वर्षाचं नसतं, ती पाच असारिया (ब्राँझच्या नाण्यांचं छोटं एकक) ही किंमत असते. अँटिओक, लाओडिकीया, सीझरीया या नावांची शहरं अनेक होती. म्हणून नावापुढचा नदीचा किंवा प्रदेशाचा उल्लेख पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

नाण्यावरच्या मंदिराचे खांब मोजून वास्तूचा आराखडा काढू नका. इफेससच्या आर्टेमिस मंदिराला कधी चार, कधी सहा, तर कधी आठ खांब दाखवले आहेत. मधली मूर्ती दिसावी म्हणून कारागीर खांब कमी करायचा. ती मूर्तीही नीट पाहा. ही आर्टेमिस धनुष्य घेतलेली शिकारीण नाही, ताठ उभी आणि सर्वांगाने मढलेली आहे. पेर्गेची आर्टेमिस तर मानवाकृतीही नाही, ती शंकूच्या आकाराची शिळा आहे.

लिलावातल्या फोटोत अक्षरं संशयास्पद इतकी ठळक दिसली तर ती नंतर कोरलेली असू शकतात. त्याच ठशाची दुसरी प्रत सापडेपर्यंत अशा लेखावरून पदवी किंवा वर्ष वाचू नये.

शेवटची चूक काळाची. तिसऱ्या शतकात चांदीची नाणी इतकी हिणकस झाली की शहरांना ब्राँझ पाडणं परवडेना, आणि सम्राट गॅलिएनसच्या काळात बहुतेक टांकसाळी बंद पडल्या. शहरांचा अभिमान ओसरला म्हणून त्या बंद पडल्या, असं वाटत असेल तर पेर्गेकडे पाहा. शहरांच्या नाण्यांत अगदी शेवटच्यांपैकी असलेली तिची नाणी सम्राट टॅसिटसच्या काळातली, इ.स. २७५–२७६ ची आहेत. पांफिलियाची (आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रदेशाची) महानगरी ही पदवी तिला तेव्हा नुकतीच मिळाली होती. शेजारच्या सिदे शहराशी जुनी चढाओढ असलेल्या पेर्गेने ती लगेच नाण्यावर घातली.