हिरोशिमा मॉन आमूर पहिल्यांदा बघताय? मग असा बघा

बरेच जण हा पिक्चर पहिल्या पंधरा मिनिटांतच बंद करतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. १९५९ चा ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक आलँ रेने, लेखिका मार्गरीत द्युरास, जेमतेम दीड तासाचा. एका बैठकीत बघा, रात्री बघा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बोलणं जवळपास सगळं फ्रेंचमध्ये आहे म्हणून सबटायटल आधीच चेक करून घ्या.

सुरुवातीला गोष्ट शोधत बसू नका. राखेनं माखलेले खांदे, पाठीत रुतलेली बोटं, मधेच हॉस्पिटल, म्युझियम, बॉम्बनंतरचं शहर, ती, एक फ्रेंच बाई, म्हणते मी सगळं पाहिलं आणि तो, तिचा जपानी प्रियकर, म्हणतो तू हिरोशिमात काहीच पाहिलं नाहीस. हा वाद नुसता कानावर पडू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी ती कॉफीचा कप घेऊन उभी असते, तो झोपलेला, त्याचा हात जरासा हलतो आणि पटकन दुसराच हात दिसतो, दुसऱ्याच माणसाचा, मरणाऱ्या माणसाचा. डोळा लवेस्तोवर संपतं, म्हणून तिथे सबटायटल सोडा आणि हाताकडेच बघा. काही न सांगता विचारता आठवण अशीच येते हो, आणि पूर्ण पिक्चर त्या एका कटवर उभा आहे.

मग येतो नदीकाठचा टी-रूम. इथे घाई अजिबात नको. फ्रान्समधल्या नव्हेर गावात, जर्मनांचा ताबा असताना, अठरा वर्षांची ती एका जर्मन सैनिकाच्या प्रेमात पडलेली, त्याला गोळी घातली, गावानं तिचं डोकं भादरलं, घरच्यांनी तळघरात कोंडलं, तिथे ती भिंतीवर घासून हात रक्तबंबाळ करून घेते. आणि हा जपानी माणूस त्या मेलेल्या सैनिकाच्या जागी "मी" म्हणून बोलायला लागतो, तू तळघरात असतेस तेव्हा मी मेलेलो असतो का, असं विचारतो. गोंधळायला होईल पण थांबवून मागे जाऊ नका, तिच्यासाठी दोघं एकच झालेत तेवढं धरून ठेवा म्हणजे पुढचं सगळं लागतं.

तिचं काम करणाऱ्या इमॅन्युएल रिवाचा चेहरा इथे काय काय करतो बघा! त्याचं काम करणाऱ्या एजी ओकादाला तर फ्रेंच येतच नव्हतं, नुसत्या उच्चारांवरून पाठ करून बोललाय, तरी कुठे उपरं वाटत नाही.

दोघांना शेवटपर्यंत नावं नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन वाक्यांवर लक्ष ठेवा. आणि संपला की लगेच पहिली पंधरा मिनिटं परत लावा, आता तिचं "मी पाहिलं" पूर्ण वेगळं ऐकू येईल.